ऑक्सिजन मशीनचा नॉब फिरवण्याआधी हे वाचा

घरात कुणाला ऑक्सिजन लागला की इंजिनिअर पोराला हाक येते, "जरा मशीन बघ रे." मागच्या वर्षी माझ्या आजोबांच्या बाबतीत तेच झालं. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुफ्फुसांचा जुना आजार. हॉस्पिटलमधून ते घरी आले, सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला, आणि दिवसभर त्यांच्याजवळ राहायला ब्युरोकडून एक मावशी येऊ लागल्या.

एका दुपारी ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं. कोविडपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिट होती: ९४ च्या खाली म्हणजे धोका. मी सरळ नॉब २ वरून ४ वर नेला. मावशींनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, दोनच ठेवा. कागद वाचा आधी." फ्रिजवर डॉक्टरांचा कागद चिकटवलेला होता. फ्लो २ लिटर, ऑक्सिजन लेव्हल ८८ ते ९२. म्हणजे ८९ बरोबरच होतं, गडबड मी केली होती.

मशीन ऑक्सिजन बनवतं का?

नाही, फक्त वेगळा करतं. आपल्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढून ती दाबाखाली झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांमधून सोडतं. हे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. आत असे दोन डबे असतात. एक काम करतो तेव्हा दुसरा धरलेला नायट्रोजन बाहेर सोडतो, आणि काही सेकंदांनी पाळी बदलते. तो सतत येणारा फुस्स आवाज याचाच. बाहेर येणारा ऑक्सिजन साधारण ९० ते ९५ टक्के शुद्ध असतो. मशीन हवा ओढतं, म्हणून ते भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवायचं नाही.

मग जास्त दिला तर काय बिघडतं?

ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याचाही डोस असतो. बऱ्याच पेशंटसाठी ९४ ते ९८ हे लक्ष्य असतं, पण सीओपीडीच्या अनेक पेशंटसाठी डॉक्टर ८८ ते ९२ ठेवतात. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो रक्तात साचतो. गुंगी येते, डोकं दुखतं, माणूस असंबद्ध बोलतो. वेळीच लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं.

खरी मेख पुढे आहे. ऑक्सिमीटर लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून पाठवून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज घेतो. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही. त्यामुळे स्क्रीनवर छान ९८ असताना पेशंट गुंगीत जात असू शकतो. बोट थंड असेल, नेलपॉलिश असेल किंवा हात हलत असेल तरी आकडा चुकतो. गडद त्वचेवर तो कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर तर अजिबात विसंबू नका.

मावशी रोज काय बघायच्या?

- आधी पेशंट, मग आकडा. आजोबा पूर्ण वाक्य बोलतात का, ओठ निळसर आहेत का, नेहमीपेक्षा जास्त झोपेत आहेत का.
- फ्लोमीटरमधला गोळा डोळ्यांच्या रेषेत. गोळ्याचा मध्य कागदावरच्या आकड्यावर हवा. फ्लो स्वतःहून बदलायचा नाही, काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना फोन.
- नळी कुठे दुमडली किंवा कॉटखाली दबली नाही ना.
- कानामागे आणि नाकाशी त्वचा लाल झाली का. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलिन लावायचं नाही. पाण्यावर आधारित जेल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.
- पाण्याची बाटली लावली असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर, रोज बदलून.
- वेळ, आकडा आणि फ्लो वहीत लिहायचा.

आजीची उदबत्ती

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण पेटलेली वस्तू भडकवतो. तो कपड्यांत आणि चादरीत मुरतो. म्हणून निरांजन, उदबत्ती, गॅस, विडी-सिगारेट सगळं किमान दहा फूट लांब. आमचं देवघर त्याच खोलीत होतं. आजीला हे सांगायची माझी हिंमत होत नव्हती. मावशींनीच सांगितलं आणि देव दुसऱ्या खोलीत गेले. सॅनिटायझर लावलं तर हात पूर्ण वाळू द्यायचे. मशीन वापरात नसेल तेव्हा बंद करायचं, नळी चालू ठेवून गादीवर टाकायची नाही. आणि फोन पेशंटच्या कॉटवर चार्जिंगला लावायचा नाही, हे खास आपल्यासाठी.

लाइट गेली तर?

भरलेला सिलिंडर घरात हवाच. हिशोब सोपा आहे. छोट्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. २ लिटर फ्लोला १,५०० भागिले २, म्हणजे ७५० मिनिटं, साडेबारा तास. यातले दोन तास कमीच धरा. सिलिंडर उभा आणि बांधून ठेवा, व्हॉल्व्हला तेलाचा हात लावू नका.

डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेखाली आकडा टिकून राहिला, ओठ निळे पडले किंवा माणूस हाकेला नीट ओ देत नसेल, तर गूगल करत बसू नका. डॉक्टरांना फोन करा, महाराष्ट्रात असाल तर १०८ लावा.

त्या दिवशी फ्लो लगेच दोनवर आला आणि आजोबांना काही झालं नाही. मशीन कसं चालतं हे मला मावशींपेक्षा जास्त माहीत होतं. पण आजोबा कसे आहेत हे त्यांना माहीत होतं, कारण त्या स्क्रीनच्या आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायच्या. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर आज एवढंच करा: डॉक्टरांना ऑक्सिजनची रेंज विचारा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि मशीनवर चिकटवा.