उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका

मार्च उलटला की हवा भरण्याच्या नळीपाशी एक सल्ला हमखास कानावर पडतो : ऊन फार आहे, दोन-चार पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल. सल्ला देणाऱ्याला खरीच काळजी असते आणि त्याचा अर्धा तर्क बरोबरही असतो. हवा तापली की तिचा दाब वाढतो. पण उरलेला अर्धा तर्क चुकतो, आणि हा सल्ला पाळणारा ज्या धोक्यापासून पळत असतो त्याच्याच जवळ जाऊन उभा राहतो. गाडीसाठी स्वस्त उपकरणांचा बाजार आज दुथडी भरून वाहतो आहे. त्यांतले खरे कामाचे कोणते, असे विचारले तर माझे उत्तर ठाम आहे : जे मोजते ते. आकडा हातात आला की निम्म्या तक्रारींवरचा इलाज घरच्या घरी सापडतो, आणि आकडा नसेल तर माणूस ऐकीव गोष्टींवर गाडी चालवतो. टायरची हवा हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे.

आधी दाब किती वाढतो ते पाहू. सकाळी उभ्या गाडीच्या टायरमधली हवा २५ अंश सेल्सियसला आहे आणि मापक ३३ पीएसआय दाखवतो, असे धरा. मापक फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की आतला खरा दाब ४७.७ होतो. बंदिस्त हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, आणि ते उणे २७३ अंशांपासून मोजायचे असते. म्हणजे हवा तापून ५५ अंशांवर गेली तरी २९८ चे ३२८ झाले, वाढ झाली फक्त दहा टक्के. मापकावर आकडा येईल सुमारे ३८. मोटारीच्या टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा बहुधा ४४ किंवा ५१ असते, आणि तीही थंड टायरची. गाडी बनवणाऱ्याने ३३ हा आकडा ठरवताना ही वाढ गृहीत धरलेलीच असते. उन्हाने वाढलेले पाच पॉइंट सुस्थितीतला टायर फोडत नाहीत.

टायर मरतो तो वाकण्याने. माणसांसह बाराशे किलोची गाडी चार चाकांवर उभी असली तर प्रत्येक चाकावर सुमारे तीनशे किलो येतात. ३३ पीएसआयला हे वजन पेलण्यासाठी साधारण पोस्टकार्डाएवढा रबराचा तुकडा जमिनीला टेकतो. हवा २४ वर आली की तेच वजन पेलायला जवळपास दीड पोस्टकार्ड लागते, आणि तेवढी जागा टेकवण्यासाठी टायरची कड जास्त दबते. वाकून सरळ होताना रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगाने सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेते. नागपूरकडून निघून समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपवले तर एकेका टायरची कड सुमारे पावणेचार लाख वेळा वाकलेली असते. त्या सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर वेग तासन् तास उतरत नाही, त्यामुळे साठलेल्या उष्णतेला निवायला उसंत मिळत नाही. शेवटी आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, उन्हाने फुटला.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर चालत्या टायरचा नक्षीचा पट्टा सुटून येत होता आणि गाड्या उलटत होत्या. मृत्यूंचा सरकारी आकडा अडीचशेच्या पुढे गेला. त्या गाडीसाठी फोर्डने हवा २६ पीएसआय ठेवायला सांगितली होती, तर फायरस्टोनचा आग्रह पुढे ३० चा होता. टायरच्या बांधणीत दोष होताच. पण घटना ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत एकवटल्या होत्या, आणि टायरकडे जो थोडाफार वाव उरला होता तो कमी हवेने आणखी घटवला. उन्हाळ्यात हवा उतरवायला सांगणाऱ्याने हे प्रकरण जरूर आठवावे.

पंपावर हवा फुकट मिळते, मग तीन-चारशे रुपयांचा मापक कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण पंपापर्यंत पोचताना टायर तापलेला असतो. दिलेला आकडा मात्र थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असतानाचा. तापलेल्या टायरमध्ये ३३ दिसले की रात्री ते ३० किंवा त्याहून कमी झालेले असतात. नजरेवर विसंबणेही व्यर्थ आहे, कारण रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. नव्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागतो, हे खरे. मात्र २००७ पासून तो सक्तीचा करणाऱ्या अमेरिकी नियमात इशाऱ्याची रेघ शिफारशीच्या २५ टक्के खाली आहे. ३३ च्या गाडीत ती पंचविशीच्या आसपास येते. दिवा वाचवतो, पण उशिरा. आणि स्वस्त मापक स्वतःच चुकला तर? एकदा दुसऱ्या चांगल्या मापकाशी ताडून पाहा. तो दर वेळी एकच पॉइंट जास्त दाखवत असेल तरी चालेल, तेवढा वजा करता येतो. दर वेळी वेगळे दाखवणारा मात्र टाकून द्या. सोबत बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवापंप घेतला की घराच्या दारातच काम होते.

मोजण्याचा हाच फायदा बॅटरीत दिसतो. सकाळी सेल्फ मारला की नुसते टक्-टक् होते आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली. साधा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे आणि आधी टर्मिनल बघायला हवे. त्यावर जमलेली पांढरी-हिरवट भुकटी क्षुल्लक दिसते, पण सेल्फला दीडशे ॲम्पिअर लागतात. तिथे एका ओहमचा पन्नासावा भाग जरी अडथळा असला तरी तीन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. आधी ऋण टर्मिनल सोडवा, मग धन. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, पुसून कोरडे करा, बसवताना आधी धन लावा आणि घट्ट आवळा. याउलट, इंजिन चालू असतानाही आकडा १३.८ च्या पुढे न जाता बारावरच रेंगाळत असेल तर संशय अल्टरनेटरवर किंवा त्याच्या पट्ट्यावर घ्यावा. तिथे नवी बॅटरी बसवली तरी चार दिवसांत तीही उतरेल. मल्टिमीटर सगळे सांगत नाही, हे मान्य. जुनी बॅटरी आकडा बरोबर दाखवूनही ताण आला की कोसळू शकते, आणि तिची भार देऊन होणारी चाचणी गॅरेजमध्येच करावी लागते. तरी तिथे जाताना आपल्याजवळ दोन आकडे असले तर मेकॅनिकशी बोलणे सोपे होते.

इंधन वाचवणारे लोहचुंबक, पेट्रोलच्या नळीवर चढवायच्या कड्या, लायटरच्या खाचेत खोचायचे दिवे यांच्यावर तेवढेच पैसे खर्च होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असे शंभराहून अधिक प्रकार तपासले आणि मायलेज ठळकपणे वाढवणारा एकही सापडला नाही. चारही टायरमधली हवा बरोबर ठेवली तर मात्र सरासरी अर्ध्या टक्क्याहून थोडे जास्त आणि फार उतरलेली असेल तर तीन टक्क्यांपर्यंत इंधन वाचते.

उद्या सकाळी गाडी काढण्याआधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा आणि स्टेपनीसकट पाचही टायरची हवा मोजा. स्टेपनीचा आकडा काही गाड्यांत वेगळा असतो. तोही बहुधा तिथेच लिहिलेला असतो.