रविवारचा सिनेमा

सिनेमाबद्दल मत नसलेला मनुष्य मला अद्याप भेटायचा आहे. ज्ञानेश्वरीचा विषय काढला तर लोक नम्रपणे मान खाली घालतात, अर्थसंकल्पाचा काढला तर वर्तमानपत्राकडे बोट दाखवतात; पण सिनेमाचे नाव निघाले की रिक्षावाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कोणीही "त्याचं काय आहे..." अशी सुरुवात करून मोकळा होतो. आमच्या घरात माणसे चार आणि मते पाच. पाचवे मतही माझेच असते. पहिले मत रविवारी हरले की ते मी सोमवारी तयार करतो.

आईचे गुडघे दुखू लागल्यापासून चित्रपटगृहाचे जिने तिला झेपत नाहीत. म्हणून यंदा असे ठरले की रविवारी दुपारी जेवणे उरकली की घरच्याच पडद्यावर सर्वांनी मिळून एक सिनेमा पाहायचा. निवड पाळीपाळीने करायची. सिनेमा जुना असला तरी चालेल, मात्र मराठी हवा, ही माझी अट. सिनेमा चालू असताना प्राध्यापकांनी तोंड उघडायचे नाही, ही आमच्या सौ.ची. मराठीच्या पेपराला साठाच्या वर गुण देताना आमचा हात थरथरतो. तोच हात सिनेमा पाहताना हवेत उंचावतो आणि "इथे पटकथा सैल झाली आहे" असे मी बोलू लागतो, असा तिचा आरोप आहे. तो खरा आहे.

पहिली पाळी आईची. आम्ही नाशिककर. दादासाहेब फाळक्यांचा जन्म इथून जवळच त्र्यंबकेश्वरला झाला आणि १९४४ साली त्यांनी डोळे मिटले तेही नाशकातच. तेव्हा मुहूर्त 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ने व्हावा, असे आईने फर्मावले. परेश मोकाशी यांचा हा सिनेमा २००९ सालचा. फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्या खटाटोपाची ही गोष्ट. घरातले सामान विकणारा गृहस्थ, स्त्रीपात्र करायला बायका मिळत नाहीत म्हणून उभे केलेले पुरुष, आणि मिशी उतरवायला राजी नसलेले नट! नंदू माधव यांनी फाळके असे काही रंगवले आहेत की या माणसाला आपण दोन हजार रुपये उसने दिले असते आणि परत मागायला विसरलो असतो, असे वाटत राहते.

चहा झाल्यावर मी माझे मत मांडले. सिनेमा रंजक आहे खरा, पण फाळक्यांची तळमळ त्याने फार हलकी करून टाकली. कर्ज, दारिद्र्य, डोळ्यांवर ओढवलेले संकट, सगळेच हसतहसत! यावर आमची कन्या म्हणाली, "बाबा, लोक रडत रडत सिनेमा काढत असतील असं तुला का वाटतं?" आईचे मत निराळेच होते. तिने सबंध दोन तास फाळक्यांकडे पाहिलेच नव्हते. ती सरस्वतीबाईंकडे पाहत होती. "त्याला वेड लागलं होतं ते ठीक. वेड लागलेल्या माणसाला कष्ट कळत नाहीत. तिला तर वेड लागलं नव्हतं ना? तरी दागिने काढून दिले." मग थोडे थांबून म्हणाली, "तुझ्या बाबांनी नुसती छापखान्यात भागी घ्यायची म्हटली, तर मी आठ दिवस बोलले नव्हते." ही छापखान्याची हकीकत मी सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रथमच ऐकली.

कन्येने 'किल्ला' निवडला. अविनाश अरुण यांचा, बदलीच्या गावी आलेल्या मुलाचा आणि त्याच्या आईचा सिनेमा. कोकणातला पाऊस त्यात असा पडतो की पाहताना खिडक्या लावून घ्याव्यात असे वाटते. त्यावर आमच्यात मतभेद झाला नाही, त्यामुळे सांगण्यासारखेही काही उरले नाही. 'सैराट' टीव्हीवर निम्म्यातून लागला होता. तो मोजायचा नाही असे ठरले. मला मात्र २०१६ साली थिएटरात पाहिलेला 'सैराट' आठवला. 'झिंगाट'च्या वेळी खुर्च्यांवर चढून नाचणारी पोरे शेवटचे दृश्य संपल्यावर जागची हलली नव्हती. माझ्या शेजारचा एक मुलगा बुटांच्या नाड्या सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. घरच्या पडद्यावर हे होत नाही. घरी सिनेमा संपता संपता कुकरची शिट्टी होते.

सौ.ने 'कोर्ट' लावला तेव्हा मी मनातून खूश झालो. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. वर्गात मी त्याच्यावर पाऊण तास बोलतो. मुंबईतला एक म्हातारा लोकशाहीर. त्याचे गाणे ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा त्याच्यावर आरोप. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि आपल्यालाही बसवतो. पहिल्या अर्ध्या तासात आईची मान दोनदा खाली गेली. पण त्या मृत कामगाराची बायको साक्षीला उभी राहिली आणि आई ताठ बसली. गटारात उतरण्याआधी तो आत खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत जीव जगू शकतो असे समजून उतरायचा. हे ती बाई रेशनचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते.

माझे आवडते व्याख्यान मी सुरू करणार, तोच सौ. म्हणाली, "अहो, मला ती सरकारी वकीलबाई बघायची होती." ती बाई कोर्टातून निघते, लोकलमध्ये शेजारणीशी मधुमेहाबद्दल बोलते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. परप्रांतीयांची टवाळी चाललेली असते, आणि सगळे प्रेक्षागृह खदखदून हसत असते. दुसऱ्या दिवशी हीच बाई त्या म्हाताऱ्याविरुद्ध शांतपणे कलमे वाचत उभी असते. आमची सौ. बँकेत आहे. तीही संध्याकाळी पाच पन्नासला निघते, वाटेत भाजी घेते, आल्याबरोबर ओट्याशी उभी राहते. "ती वाईट नाहीच आहे," सौ. म्हणाली, "तिला घरी लवकर जायचंय. मीसुद्धा काउंटरवर कुणाचा तरी कागद अपुरा म्हणून परत पाठवते, तेव्हा माझ्या डोक्यात डाळ भिजत घालायची असते." त्या दिवशी माझे व्याख्यान झाले नाही. वर्गात जे पाऊण तास सांगतो त्यात डाळ कुठेच येत नाही.

आता माझी पाळी. मी 'द डिसायपल' निवडला. तोही ताम्हाण्यांचाच, २०२० सालचा. व्हेनिसला त्याच्या पटकथेला पारितोषिक मिळाले. गाण्याचा सिनेमा आहे, आईला आवडेल, असे मी सांगितले. खरे कारण मलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

शरद नेरुळकर नावाचा तरुण शास्त्रीय गाणे शिकतो आहे. आदित्य मोडक या गायकानेच ते काम केले आहे. शरद गुरूची सेवा करतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, पहाटे उठून रियाज करतो. रात्री मोकळ्या रस्त्यावरून मोटारसायकल हाकताना तो कानाला लावून माई नावाच्या थोर गायिकेची व्याख्याने ऐकतो. माईंची गाणी कोणी मुद्रित केलेली नाहीत, व्याख्याने तेवढी उरली आहेत. त्यांना आवाज दिला आहे सुमित्रा भावे यांनी. २०२१ साली त्या आपल्यातून गेल्या. तो आवाज सांगत राहतो की हा मार्ग एकट्याचा आहे, उपाशी राहण्याची तयारी ठेव. शरद सगळी तयारी ठेवतो. उणीव एवढीच, की त्याचे गाणे चांगले असते आणि त्यापलीकडे जात नाही. खलनायक नाही, अपघात नाही, दारू नाही. वर्षे जातात. अंगाने सुटलेला, मिशी राखलेला शरद स्वतः शिकवणीवर मुलांना शिकवतो, आणि एक शिष्य कॉलेजच्या बँडमध्ये गाऊ का म्हणून विचारतो तेव्हा त्याच्यावर असा तुटून पडतो की ते पाहताना माझे कान तापले.

एक जुना संग्राहक शरदला भेटतो आणि माईंबद्दल, शरदच्या वडिलांबद्दल कडवट खरेखोटे बोलतो. शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो. कन्या म्हणाली, "बरं केलं." मला तसे वाटले नाही. पाणी फेकताना त्याचा चेहरा रागावलेल्या माणसाचा नव्हता. ज्याला उत्तर कळले आहे अशा माणसाचा होता.

सिनेमा संपला. शेवटी लोकलमध्ये बायको-मुलीबरोबर बसलेला शरद, आणि डब्यातून गात जाणारा एक भिकारी. कोणी चहा ठेवायला उठले नाही. नियमाप्रमाणे आता बोलायला मला मोकळीक होती, पण मी बोललो नाही. आईच बोलली. "एवढी वर्षं झाली. त्याला कुणी सांगितलं कसं नाही?"

इथे मला माझ्या टेबलाच्या खणाबद्दल सांगायला हवे. त्या खणात गेले चार महिने एक निळी वही पडून होती. तृतीय वर्षाचा माझा एक विद्यार्थी. सकाळी कॉलेज, दुपारनंतर मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात. वहीत त्याच्या कविता. दर शनिवारी तो खोलीच्या दाराशी उभा राहायचा. "सर, वाचल्या?" मी म्हणायचो, "वाचतोय. लिहीत राहा." परीक्षा झाली की दुकान सोडायचे, पुण्याला जायचे आणि फक्त लिहायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. माझ्याकडून त्याला एकच गोष्ट हवी होती. "सर, माझ्यात आहे का, एवढंच सांगा."

'लिहीत राहा' हे शब्द माझे नव्हेत. मी चोवीस वर्षांचा असताना माझीही एक वही होती, आणि माझ्या सरांनी ती परत देताना हेच शब्द उच्चारले होते. ते फार सज्जन होते. त्या दोन शब्दांवर मी अकरा वर्षे काढली. तीन कविता छापून आल्या, पैकी एक दिवाळी अंकात, जाहिरातीच्या खाली. मग एके वर्षी लिहिणे थांबले. कोणत्या महिन्यात थांबले ते मलाच सांगता येणार नाही. घरातही कोणाच्या लक्षात आले नाही. सर जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांनी ती वही खरोखर वाचली होती का, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

त्या रविवारी रात्री मी निळी वही पहिल्या पानापासून वाचली. चाळीस कविता होत्या. बहुतेक माझ्या ओळखीच्या निघाल्या. म्हणजे ज्या कवींच्या कविता मी त्याला वर्गात शिकवल्या होत्या त्यांच्या सावल्या. पाऊस, एकटेपण, शहर. पण एका कवितेत दुकानातल्या खिळ्यांच्या खोक्यांची गोष्ट होती. मापाप्रमाणे लावलेली खोकी, आणि अंधारात हात घालून नेमका अडीच इंची काढणारा मामा. तिथे चार ओळी अशा होत्या की मी पेन्सिल खाली ठेवली. सौ.ने दाराशी येऊन विचारले, "झोपायचं नाही का?" मी म्हटले, "पेपर तपासतोय."

शनिवारी तो आला. मी त्याला खुर्चीवर बसवले. इतक्या दिवसांत प्रथमच. म्हटले, "या चार ओळी तुझ्या आहेत. बाकीच्या माझ्या तासाच्या आहेत. दुकान सोडू नकोस."

त्याने विचारले, "म्हणजे नाही ना, सर?"

मला पुष्कळ सांगायचे होते. खिळ्यांची कविता पुण्याला गेल्यावर सुचली नसती, हे सांगायचे होते. चाळिसांत चार ओळी हे प्रमाण माझ्या वहीपेक्षा बरे आहे, हेही सांगायचे होते. पण घंटा झाली, आणि खरे सांगायचे तर घंटा झाल्याचे मला बरे वाटले. तो "येतो सर" म्हणून गेला. वही टेबलावरच राहिली. ती तो विसरला की ठेवून गेला, हे मला कळलेले नाही. त्यानंतर तीन शनिवार तो आला नाही. तासाला असतो, शेवटच्या बाकावर बसतो आणि फळ्याकडे पाहतो.

घरी मी हे सांगितले तेव्हा दोन तट पडले. सौ.चे म्हणणे, बरोबर केलेत, पण एकदम केलेत. कन्येचे म्हणणे, तुला विचारलं कुणी, तो पुण्याला जाऊन स्वतःच शिकला असता. आई काही बोलली नाही. ती करंज्यांच्या सारणातले खोबरे भाजत होती.

येत्या रविवारी पुन्हा तिची पाळी आहे. तिला 'श्यामची आई' पाहायचा आहे, अत्र्यांचा, १९५३ सालचा. लहानपणी तिने तो वडिलांच्या मांडीवर बसून पाहिला होता. वनमालाबाई पडद्यावर गेल्या तेव्हा रडून रडून वडिलांचे धोतर भिजवले होते म्हणे. कन्येने नाक मुरडले आहे, पण पाळी म्हणजे पाळी.

"त्या खिळेवाल्या पोरालाही बोलाव," खोबरे ताटात काढता काढता आई म्हणाली. "वहीही घेऊन जाईल. आणि सिनेमा चालू असताना तू बोलायचं नाही हे त्याला सांगून ठेव, म्हणजे येईल."

नंबर माझ्याकडे आहे. आज गुरुवार.