वंशवाद, जात आणि गिरणगावातील तरुण : एक आकलन

‘वंशवाद’ हा शब्द महाविद्यालयीन तरुणांना परका नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे पोलिसांच्या हातून झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू त्यांच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला आणि मनापासून निषेधही केला. परंतु हा शब्द काळाचौकी, लालबाग, परळ या परिसराला लावून पाहावा, असे त्यांना सहसा सुचत नाही. येथे गोरे-काळे असा भेदच नाही, मग वंशवाद कुठला, असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. प्रस्तुत लेख या प्रश्नाविषयीच आहे.

काळाचौकीतील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प मुंबई महानगरपालिकेने हाती घेतला. गिरणीत कधी पाऊल न टाकलेल्या पिढीला धोटा आता संग्रहालयातच पाहावयास मिळणार. मात्र त्यामागील एक गोष्ट तिला सांगावी लागेल. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचे सूत छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा वापरावा, या आक्षेपापायी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. त्यांना प्रामुख्याने सूतकताईच्या रिंग खात्यात राबावे लागे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती, हे येथे विसरता कामा नये. विटाळाची किंमत पगारातून वसूल होत होती. परळच्या बीआयटी चाळीत दीर्घकाळ राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे सारे ऐकीव नव्हते. १९२८ च्या सार्वत्रिक संपात त्यांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर आग्रहाने मांडला. मालकाविरुद्ध एकत्र उभे राहिलेले कामगार धोट्यापाशी मात्र विभागलेले होते.

यास वंशभेद म्हणावे काय? आंबेडकरांचे उत्तर नकारार्थी आहे. जातीचा उगम वंशभेदात आहे, ही उपपत्ती त्यांनी १९१६ च्या कोलंबिया येथील निबंधापासून १९४८ मधील अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथापर्यंत अमान्यच केली. तरीही १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. उगम भिन्न असला तरी अनुभवाचे नाते त्यांना दिसत होते. १९७२ मध्ये मुंबईतील तरुणांनी ‘दलित पँथर’ स्थापन करताना १९६६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘ब्लॅक पँथर’चे नाव घेतले, तेव्हा रंगाची अट त्यांना आडवी आली नाही. (२००१ च्या डर्बन परिषदेत भारत सरकारने मात्र जातीचा विषय त्या व्यासपीठावर येण्यास विरोध केला.) आज नेमकी उलट स्थिती आहे. दूरचा अन्याय ओळखू येतो, शेजारचा ‘गंमत’ ठरतो.

ही गंमत नित्याची आहे. वर्गातील सावळ्या मुलीला तिच्या रंगावरून नाव ठेवले जाते. ईशान्य भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘चिंकी’ म्हटले जाते. २०२० मध्ये त्याच्या चेहऱ्यावरून ‘कोरोना’ असा उल्लेख झाला. अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्या प्रसंगाचा आरंभही त्याच्या केसांवरील टिंगलीतूनच झाला होता. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येचा इतिहास अभ्यासक्रमात यावा, अशी शिफारस केली. ती आपल्या क्रमिक पुस्तकांत कितपत उतरली, हे प्राध्यापकांनी स्वतःच पडताळून पाहावे.

दलित विद्यार्थ्याचा अनुभव याहून अबोल आहे. त्याचा चेहरा काही सांगत नाही; सांगते ते आडनाव. म्हणूनच ‘पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न एकाला साधी चौकशी वाटतो, तर दुसऱ्याला तपासणी. वडिलांच्या नावापाशीच थांबणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिलेला आहे. शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासह सूचनाफलकावर लावली जाते, तेव्हा त्याने आठवडेच्या आठवडे राखलेले हे मौन एका दुपारी संपते, आणि त्या कागदावर सही आपल्यापैकीच कोणाची तरी असते.