सायकलची मोटर बदलताना डिस्क ब्रेकचे काम

बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आता गल्लीतल्या दुकानातही दुरुस्तीला येऊ लागल्या आहेत. चाकातली मोटर जळाली की गिऱ्हाईक नवी मोटर मागते आणि ‘त्यातच डिस्क ब्रेकही लावून टाका’ म्हणते. आमचे कारागीर बांधवांना सांगणे एवढेच की, मोटर मागवण्यापूर्वी सायकल नीट बघावी. नाहीतर मोटरचे पैसे अडकतात.

फ्रेमला कॅलिपर बसवायचे कान आहेत का, हे आधी बघावे. ते डाव्या बाजूला, आसाच्या खाचेजवळ असतात. नसतील तर लोखंडी पट्टी जोडून काम भागवू नये. ब्रेक दाबताच सगळा जोर त्याच जागी येतो, आणि ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगच्या उष्णतेने तिथेच कमजोर झालेली असते. अशा सायकलीला चांगले रिम ब्रेक लावून द्यावेत. मजुरी थोडी कमी मिळेल, पण गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ नको.

मोटरही डिस्कचीच मागवावी. तिच्या डाव्या झाकणावर सहा आट्यांची भोके असतात. त्यांच्या वर्तुळाचा व्यास बहुधा 44 मिलिमीटर आणि बोल्ट 5 मिलिमीटरचे. साध्या मोटरच्या झाकणाला भोके पाडण्याचा उद्योग करू नये, कारण त्याच झाकणात बेअरिंग बसलेले असते. मागच्या खाचांमधले अंतर पुष्कळ सायकलींत 135 मिलिमीटर असते, तरी मोजूनच घ्यावे.

खरी अडचण पुढे येते. मोटरचे पोट फुगीर असेल तर कॅलिपर त्याला घासतो. मग आसावर वॉशर घालून मोटर आत सरकवावी लागते, चकतीखाली तेवढीच रिंग देऊन तिला जागेवर आणावे लागते, बोल्ट लांब घ्यावे लागतात आणि आरे ओढून चाक पुन्हा मध्यावर आणावे लागते. ही मजुरी आधीच ठरवून घ्यावी. मोटरचा आस खाचेत फिरू नये म्हणून टॉर्क आर्मही हवाच. चकतीला तेलकट हात लावू नये.

गिऱ्हाईक जास्त ताकदीची मोटर मागत असेल तर त्याला नियमही सांगावा. ताशी 25 किलोमीटर वेग आणि 250 वॉटच्या मर्यादेबाहेरची गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते.

ब्रेकच्या दांडीत मोटर बंद करणारा स्विच असतो. नव्या दांडीत तो नसेल तर वेगळा बसवावा, आणि चाक अधांतरी फिरवून दोन्ही ब्रेक एकेक दाबून पाहिल्याशिवाय सायकल दुकानाबाहेर काढू नये.