‘रेव्होल्यूशन’च्या नावानं: न दिसलेल्या कन्सोलचे तर्क आणि टिंगल

नव्या गेमिंग कन्सोलचा पहिला उच्चार आणि तो दुकानात मिळण्याचा दिवस यांत सहसा दीड-दोन वर्षं जातात. यंत्र बाजारात येतं तेव्हा त्यावर खेळायला गेम हवेत, म्हणून गेम बनवणाऱ्या कंपन्यांना ते कितीतरी आधी दाखवावं लागतं. चिप पुरवणारे, कारखाने, पेटंट कार्यालय असे आणखी अनेक जण त्यात येतात. इतक्या लोकांना ठाऊक असलेली गोष्ट पूर्ण झाकून राहत नाही आणि पूर्ण उघडही होत नाही. तर्कवितर्कांना याहून चांगलं खतपाणी नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या कन्सोलची 2004 ते 2006 मधली कहाणी याचा बहुधा सर्वांत भरघोस नमुना आहे.

निन्टेन्डोची अवस्था तेव्हा नाजूक होती. 2001 मध्ये आलेला गेमक्यूब सोनीच्या प्लेस्टेशन 2 पुढे फिका पडला होता. त्याची एकूण विक्री शेवटी 2 कोटी 17 लाखांच्या आसपास थांबली. पुढच्या यंत्राला कंपनीनं ‘रेव्होल्यूशन’, म्हणजे क्रांती, असं भारदस्त तात्पुरतं नाव दिलं. मे 2005 मध्ये अमेरिकेतल्या ई-थ्री प्रदर्शनात अध्यक्ष सातोरू इवाता यांनी एक काळी पेटी हातात धरून दाखवली. तीन डीव्हीडीची कव्हरं एकावर एक ठेवावीत एवढीच ती होती. कंट्रोलर मात्र दाखवला नाही. खरी क्रांती त्यातच आहे, आणि आधी दाखवलं तर प्रतिस्पर्धी नक्कल करतील, असं त्यामागचं कारण होतं.

क्रांती होणार हे सांगायचं आणि कशी ते सांगायचं नाही, यानं गेमर मंडळींची झोप उडाली. कुणी म्हणे कंट्रोलरला टचस्क्रीन असेल, कुणी म्हणे चित्र भिंतीवर पडेल, कुणाला त्रिमिती दिसू लागली. जायरोस्कोप, म्हणजे वस्तू कशी वळते हे मोजणारा भाग, त्यात असणार असा एक चिकट तर्क होता. ई-थ्रीच्या तोंडावर ‘निन्टेन्डो ऑन’ नावाची एक चित्रफीत इंटरनेटवर पसरली. डोक्यावर चढवायचं, भोवताली आभासी जग उभं करणारं शिरस्त्राण तीत होतं. काम इतकं सफाईदार होतं की अनेकांनी ते कंपनीचंच मानलं. प्रत्यक्षात ते एका हौशी चाहत्यानं घरी केलं होतं. या बहुतेक तर्कांचा कल एकाच बाजूला होता: नवं म्हणजे जास्त शक्तिशाली, जास्त गुंतागुंतीचं. बटणं कमी होतील असा विचार फारसा कुणाला शिवला नाही.

16 सप्टेंबर 2005 रोजी टोकियो गेम शोमध्ये कंट्रोलर समोर आला, तो चक्क टीव्हीच्या रिमोटसारखा. त्यात हाताची हालचाल ओळखणारा अ‍ॅक्सलरोमीटर होता आणि टोकाला अवरक्त किरण पाहणारा छोटा कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच. फक्त अवरक्त दिवे होते, त्यामुळे तिच्या जागी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागे. जायरोस्कोपचा तर्कही पुरता फुकट गेला नाही: 2009 मध्ये ‘मोशनप्लस’ या जोडभागातून तो आला.

खरी खिल्ली उडाली ती नावावरून. 27 एप्रिल 2006 रोजी ‘रेव्होल्यूशन’ जाऊन ‘वी’ आलं. इंग्रजीत हा उच्चार ‘आम्ही’ या शब्दाचा, म्हणून तो सर्वांना जोडणारा, आणि रोमन लिपीतले दोन ‘आय’ म्हणजे शेजारी उभी दोन माणसं, असा कंपनीचा खुलासा होता. पण इंग्रजी बालभाषेत तोच उच्चार ‘शू’चा. पुढे काय झालं असेल याची कल्पना शाळेचा मागचा बाक पाहिलेल्या कुणालाही करता येईल.

सोनीही सुटली नाही. प्लेस्टेशन 3 चा बूमरँगच्या आकाराचा कंट्रोलर 2005 मध्ये दाखवल्यावर इतका हास्यास्पद ठरला की पुढच्या वर्षी तो गायब झाला. त्याच्या जागी आलेला कंट्रोलर कलती हालचाल ओळखत होता; इवातांची नकलेची भीती अगदीच अनाठायी नव्हती. 2006 च्या ई-थ्रीमध्ये जपानी इतिहासातल्या लढायांवर आधारलेला म्हणून एक गेम दाखवला गेला आणि क्षणात पडद्यावर महाकाय खेकडा अवतरला. तो खेकडा आणि 599 डॉलरची किंमत हे दोन विनोद पुढे कित्येक वर्षं चालले.

नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेत ही दोन्ही यंत्रं काही दिवसांच्या अंतरानं विक्रीला आली. वीची किंमत सुमारे 250 डॉलर होती. गेम कधी न खेळलेले आजी-आजोबाही टेनिस आणि बोलिंग खेळू लागले आणि पुढे दीर्घकाळ वीचा तुटवडा राहिला. शेवटी विक्री 10 कोटी 16 लाखांवर गेली. ज्या नावावर एवढे विनोद झाले ते काही महिन्यांत लोकांच्या तोंडी बसलं. किमतीवरच्या विनोदात मात्र दम होता: 2007 च्या जुलैत सोनीला अमेरिकेत तिच्या महागड्या यंत्राची किंमत 100 डॉलरनं उतरवावी लागली. नाव अंगवळणी पडतं, पण पैसे खिशातूनच मोजावे लागतात.

पुढे कंपन्यांनी या टिंगलीचा वापर करायला शिकून घेतलं. डिसेंबर 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स सिरीज एक्स दाखवला. ती उभी काळी चौकोनी पेटी पाहून लोक तिला फ्रिज म्हणू लागले. नाराज न होता कंपनीनं 2020 मध्ये त्याच आकाराचा माणसाएवढा खरा फ्रिज जाहिरातीसाठी बनवला आणि 2021 मध्ये शीतपेयाचे डबे ठेवण्याजोगा छोटा फ्रिज विक्रीलाच आणला.