थंडं देशी, मालक परदेशी

आमच्या इस्लापूरला उन्हाळ्यात पाहुणा आला, की चहाऐवजी ‘थंडं’ मागवतात. थंडं म्हणजे बहुधा थम्स अप. ते देशी, आपलं, असं पुष्कळांना वाटतं. जन्मानं ते देशीच आहे.

१९७३ च्या ‘फेरा’ कायद्यानं परदेशी कंपन्यांना भारतातला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणं भाग होतं. कोका-कोलानं ते मानलं नाही. १९७७ साली, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, तिनं देश सोडला. त्या रिकाम्या जागी सरकारनं ‘७७’ नावाचं पेय आणलं, आणि मुंबईच्या पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्स अप. इंग्रजी ‘थंब’मधला मुका ‘बी’ त्यांनी लिखाणातूनही गाळला. आम्हा कवींना हे पटतं. जे अक्षर बोलतच नाही, ते लिहायचं कशाला?

१९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिनं थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट पार्लेकडून विकत घेतले. गोल्ड स्पॉट पुढं बंद पडलं. थम्स अप मात्र कोका-कोलाच्या शेजारीच दुकानात टिकलं, कारण गिऱ्हाईक तेच मागत राहिलं. तेव्हा देशी समजून पिणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: चवीची आवड आपली, नफा मात्र परक्या कंपनीचा.