उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

एचआयव्हीबाधितांना औषध देणाऱ्या एआरटी केंद्रातील समुपदेशकाच्या मेजावर एक पांढरी डबी उघडली जाते, गोळ्या कागदावर ओतल्या जातात आणि पेनाच्या टोकाने दोन-दोन करून मोजल्या जातात. त्या दिवशी समोर बसलेला इसम मालमोटारीवर चालक होता. अठ्ठावीस दिवसांपूर्वी त्याला ३० गोळ्या दिल्या होत्या. उरायला हव्या होत्या २, उरल्या होत्या ७. तो मान खाली घालून बोलणी खाण्याच्या तयारीने बसला होता. समुपदेशक बाईंनी एवढेच विचारले, “दादा, कोणते पाच दिवस?”

या प्रश्नात मला त्या संस्थेचे सारे शील दिसले. १ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह देशातील ८ शासकीय रुग्णालयांत हे औषध मोफत देण्यास आरंभ झाला, तेव्हा प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २००च्या खाली उतरेपर्यंत बहुतेकांना उपचारासाठी ताटकळावे लागे. २०१७पासून निदान होताच, पेशींची संख्या कितीही असो, औषध सुरू करण्याचे धोरण आले; आणि पूर्वीच्या दिवसातून दोनदा घ्यावयाच्या, हातापायांना मुंग्या आणणाऱ्या औषधांची जागा पुढे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर या तिघांना सामावणाऱ्या एकाच गोळीने घेतली. ती नित्यनेमाने घेतल्यास रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा होतो, आणि तसा तो राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. औषधाचे काम औषध चोख करते. ते पोटात जाण्याची रोजची तजवीज मात्र माणसांना करावी लागते.

पुरुषांच्या बाबतीत ही तजवीज विशेष अवघड. स्त्रीची तपासणी पुष्कळदा गरोदरपणीच होऊन जाते. पुरुष येतो तो वजन उतरल्यावर, नाहीतर क्षयाचा खोकला हटेना म्हणून. औषधाने अंगात ताकद आली की तो कामावर रुजू होतो, आणि ज्या कामासाठी तो बरा झाला तेच काम त्याला तारखेपासून दूर नेते. ऊसतोडीला गेलेला, बांधकामावर परमुलखात राहिलेला, पुरुषावरील आपले प्रेम घरात लपवून जगणारा, या प्रत्येकाची अडचण निराळी. एकच उपदेश सर्वांना ऐकवणे म्हणजे कोणालाच न ऐकवणे होय, असे माझे मत आहे.

म्हणून जाणते समुपदेशक पहिल्याच भेटीत विचारून ठेवतात की फोन केला तर चालेल काय, आणि दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगावे. २०१७च्या एचआयव्हीविषयक कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८पासून अमलात आला, संमतीवाचून कोणाची बाधा उघड करण्यास मनाई केली आहे. तारीख चुकलेल्याच्या शोधात गावी जाणारा क्षेत्रीय कार्यकर्ता त्यामुळे फाटकाशी थांबून केवळ माणसाचे नाव विचारतो, कामाचे नाव काढीत नाही. दप्तरात ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारणे सोपे आहे. त्या शेऱ्यामागचा माणूस परत आणण्याला किती फेऱ्या पडतात, हे कोणत्याही रकान्यात मावत नाही.

चालकाने अखेर सांगितले. बहिणीचे लग्न होते, घर पाहुण्यांनी भरलेले, रात्री सगळ्यांची अंथरुणे एकाच खोलीत. “डबी काढणार कुठं, ताई?” औषधात असा सलग खंड वारंवार पडला तर विषाणू त्याच औषधाला जुमानेनासा होण्याचा धोका असतो, हे बाईंनी त्याला सांगितले, पण आवाज न चढवता. मग दोघांनी मिळून वेळच बदलली: रात्रीच्या जेवणानंतरची गोळी आता पहाटे, गाडी काढण्यापूर्वी, ढाब्यावरच्या पहिल्या चहाच्या आधी.

ग्रीन बुक म्हणून सर्वजण ओळखतात त्या पुस्तिकेत बाई पुढची तारीख लिहू लागल्या, तोच तो म्हणाला, “त्या आठवड्यात मी नागपूरकडे असंन.” बाईंनी लिहिलेला आकडा खोडला आणि तारीख चार दिवस अलीकडे घेतली.